बनशंकरी, बदामी, हंपी : न दिसणारा आजार सोबत घेऊन

बनशंकरी ही आमच्या सासरची कुलदेवी, बदामीपासून पाचेक किलोमीटरवर. लग्न झाल्यापासून "एकदा जाऊन ओटी भरून येऊ" असं चाललं होतं आणि दरवेळी काहीतरी निघायचं, कधी कोरोना, कधी माझा रिलॅप्स (म्हणजे आजार परत उसळणं). यंदा मात्र शाकंभरी पौर्णिमेची जत्रा होऊन गर्दी जरा ओसरली की निघायचंच असं सासूबाईंनी (मी त्यांना आईच म्हणते, पुढे आई म्हटलं की त्याच) जाहीर केलं, आणि एवढं लांब जातोय तर विजापूर आणि हंपी पण करू असं नवऱ्याने त्यात जोडलं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, पुण्याहून स्वतःची गाडी, आम्ही तिघं.

थोडं माझ्याबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, सगळे एमएस म्हणतात. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडते, वायरवरचं प्लास्टिक सोललं गेलं की करंट कसाही पळतो ना तसं काहीसं. मला एकोणतिसाव्या वर्षी एका डोळ्याचं दिसणं अचानक धूसर झालं तेव्हा कळलं. आता तळपाय बधिर असतात, थकवा असा येतो की झोपून पण जात नाही, लघवीला लागली की थांबता येत नाही, आणि ऊन लागलं किंवा अंग तापलं की डोळ्यासमोर धुरकट होतं आणि डावा पाय ओढायला लागतो. गार झालं की तासा-दीड तासात परत ठीक. हे सगळं आत चालतं. बाहेरून बघाल तर छत्तीस वर्षांची, धडधाकट दिसणारी बाई.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस आहे. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यात एमएस, पार्किन्सन, सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया असे बरेच न दिसणारे आजार आले. माझ्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र पण आहे, पिवळ्या पट्टीचं, म्हणजे ४० ते ८० टक्क्यांमधलं. पण रेल्वेची दिव्यांग सवलत अजूनही चारच प्रकारांना मिळते, त्यात एमएस नाही. तिकिटाच्या पैशाचं मला एवढं नाही, लोअर बर्थची खात्री नाही याचं जास्त टेन्शन येतं. म्हणून गाडी.

पहिला दिवस : पुणे ते विजापूर

पहाटे साडेपाचला निघालो. माझ्यासाठी सकाळ म्हणजे सगळ्यात चांगला वेळ, अंग गार असतं, डोकं चालतं. भिगवणच्या पुढे उजाडलं, आईंनी डब्यातल्या धपाट्यांचा वास सोडला, मस्त चाललं होतं.

वाटेत एका नव्या कोऱ्या फूडमॉलवर थांबलो. लेडीज टॉयलेटला भली मोठी रांग, दोन ट्रॅव्हल्सच्या बस लागलेल्या. बाजूला दिव्यांगांसाठीचं टॉयलेट होतं, छान निळी पाटी वगैरे, आणि कुलूप. वॉचमनकाकांना किल्ली मागितली तर त्यांनी माझ्या मागे बघितलं, मग गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "पेशंट कुठंय?" मी म्हटलं मीच. "व्हीलचेअर?" नाही. "मग मॅडम रांगेत थांबा ना." मी मोबाइलमधलं कार्ड दाखवलं, त्यांनी चष्मा काढून, परत घालून, वाचलं. तोपर्यंत मला घाम फुटलेला. शेवटी किल्ली दिली. काका वाईट नव्हते, नंतर "त्रास झाला का ताई" पण म्हणाले, त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं की व्हीलचेअर नसलेल्या माणसाला पण ते टॉयलेट लागू शकतं. पण ती दोन मिनिटं माझ्यासाठी किती लांब असतात हे एमएस असलेल्या किंवा पोटाचं ऑपरेशन होऊन पिशवी लागलेल्या कुणालाही विचारा. रस्त्याच्या कडेला उभं राहून, अनोळखी माणसाला, आपल्या मूत्राशयाबद्दल समजावून सांगायचं.

टिप : यूडीआयडी कार्डाचा फोटो मोबाइलच्या फेवरिट्समध्ये ठेवा, गॅलरीत शोधत बसायची वेळ येऊ नये. आणि एक जादा सलवार नेहमी हातातल्या बॅगेत, डिकीतल्या नाही.

सोलापुरात जेवलो. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. आईंनी अर्धा किलो चटणी तिथेच बांधून घेतली, परत येताना पण घेऊच म्हणाल्या. सोलापूर ते विजापूर शंभर किलोमीटर, रस्ता चांगला. मी मागच्या सीटवर आडवी होऊन झोपले, ही झोप माझ्या प्रवासाच्या वेळापत्रकात लिहिलेलीच असते, एक ते तीन काही ठेवायचं नाही.

संध्याकाळी इब्राहिम रोजा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर आणि समोर मशीद, एकाच चौथऱ्यावर. गोल घुमटाची गर्दी इथे अजिबात नसते. हिरवळीवर पोपट, जाळीवर कोरलेली अक्षरं, आणि सहा वाजता वाऱ्याला असा गारवा की मी दीड तास निवांत फिरले. नवरा सारखा "बसतेस का, बसतेस का" विचारत होता आणि मला बसायचंच नव्हतं. आजार न दिसण्याची ही पण एक बाजू आहे, जे चांगले तास असतात ते सोबतच्या माणसालाही चटकन कळत नाहीत.

दुसरा दिवस : गोल घुमट, कोल्हारचं दही, बदामी

गोल घुमट सकाळी लवकर उघडतो, सातला आत असलात तर सोनं. महंमद आदिलशहाची कबर, १६५६ मध्ये पुरी झाली, आत एकही खांब नाही आणि वर एवढा मोठा घुमट. वर कुजबुज गॅलरीत जायला कोपऱ्याच्या मनोऱ्यातून सात मजले अरुंद, गोल फिरणारा जिना. मी जायचं नाही हे पुण्यातच ठरवलेलं. आई अडुसष्टच्या, पण रोज सिंहगड रोडच्या टेकडीवर जाणाऱ्या, त्या नवऱ्याच्या पुढे निघून गेल्या.

मी खाली एका दगडावर बसले. शेजारी एक शाळेचा मुलगा आणि त्याचे सर. जत तालुक्यातली शाळा, सहल आलेली, बाकी पोरं वर ओरडत होती आणि एकेक आरोळी सात-आठ वेळा फिरून खाली येत होती. मुलगा पार्ले खात होता. मला वाटलं रुसलाय. सर म्हणाले, "शुगर खाली गेली त्याची, टाइप वन आहे." बारा वर्षांचा असेल. मीटर दाखवलं त्याने मला, ५८. दिवसाला चार वेळा इन्सुलिन घेतो, स्वतः टोचतो. आणि टाइप वन डायबिटीस त्या २१ च्या यादीत नाही. सरांना हे माहीत होतं, कारण परीक्षेत याला डबा आणि मीटर जवळ ठेवू द्या म्हणून त्यांना दरवर्षी नव्या माणसाला नव्याने पटवावं लागतं. "यादीत असता तर एक कागद दाखवून काम झालं असतं," म्हणाले.

मुलाने मला विचारलं, "तुम्ही का नाही गेलात वर?" मी सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुमचं पण दिसत नाही." मग पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं, १०४ आली, आणि सर त्याला घेऊन वर गेले. बाकीची पोरं उतरून बसकडे चाललेली, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, पण सर म्हणाले थांबतील. सगळी सहल एका पोरासाठी वीस मिनिटं थांबली. मला त्या सरांचं फार कौतुक वाटलं, अजून वाटतंय. वरून त्याची आरोळी आली तेव्हा घुमट बऱ्यापैकी रिकामा होता, त्यामुळे त्याची सगळ्यात स्वच्छ घुमली.

मुलूखमैदान तोफ गाडीतून उतरून दहा मिनिटांत बघितली (बुरुजावर चढायला पायऱ्या आहेत, मी अर्ध्यावर थांबले). परांड्याच्या किल्ल्यात होती ही तोफ आधी, त्याच्या आधी अहमदनगरला ओतलेली.

बागलकोटच्या रस्त्यावर कृष्णेचा मोठा पूल लागतो, अलमट्टी धरणाचं पाणी इथपर्यंत पसरलंय, दोन्ही बाजूला समुद्र वाटावा असं. तिथे कोल्हार. रस्त्याच्या कडेला मडक्यातलं दही विकतात, म्हशीचं, इतकं घट्ट की मडकं कललं तरी हलत नाही. आम्ही एक मडकं घेतलं, तिथेच बाकावर बसून साखर घालून संपवलं, मग अजून एक घेतलं. विकणाऱ्या आजींना मराठी थोडं येत होतं, मुलगी मिरजेला दिलीय म्हणाल्या. आईंशी त्यांचं लगेच जमलं.

संध्याकाळी बदामी. लाल दगडाच्या दोन डोंगरांमध्ये अगस्त्य तळं, आणि तळ्याच्या पलीकडच्या टोकाला भूतनाथ मंदिर. तिथपर्यंत जाणारी वाट सपाट आहे, हे मुद्दाम लिहितेय कारण सगळे बदामी म्हणजे लेणी आणि पायऱ्या एवढंच सांगतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी बदामीतली सगळ्यात सुंदर जागा हीच आहे, सूर्य मावळताना डोंगर तांबडा होतो आणि सगळा पाण्यात उतरतो. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच होतो.

तिसरा दिवस : बनशंकरी, लेणी, पट्टदकल

सकाळी साडेसहाला देवळात. समोर हरिद्रातीर्थ, चौकोनी मोठं तळं, चारी बाजूंनी दगडी ओवऱ्या. जत्रा संपून गेली तरी शुक्रवार असल्यामुळे रांग बरीच होती. माझ्याकडे फोल्डिंग स्टूल असतं, ट्रेकिंगवाले वापरतात ते, पाऊण किलोचं. रांगेत मी ते उघडून बसायचे, रांग सरकली की उठून पुढे. मागून कुजबुज आली, मराठीतच, "सासू उभी आणि सून बसलीय बघ." निपाणीकडच्या दोन-तीन बायका होत्या.

आईंना ऐकू गेलं. माझ्या पोटात गोळा आला, मला वाटलं आता त्या चिडणार. पण त्या मागे वळल्या आणि अगदी शांतपणे सांगितलं, "तिला नसांचा आजार आहे. उभं राहिलं की पाय बधिर होतात. मी ठणठणीत आहे, म्हणून मी उभी आहे." एवढंच. त्या बाईंचा चेहरा उतरला, "अहो, दिसत नाही ना काही..." मग पुढच्या अर्ध्या तासात मला त्यांच्या जावेच्या फिट्सबद्दल सगळं कळलं. लग्नात लपवलेलं, गोळ्या चोरून घ्यायची, एकदा गोळी चुकली आणि हळदीकुंकवात पडली, तेव्हापासून घरच्यांनी बाहेर नेणंच बंद केलं. जावेला आणलं नव्हतं बनशंकरीला. मी म्हटलं पुढच्या वर्षी आणा. गोळ्या वेळेवर चालू असतील आणि सोबतच्याला फिट आली तर काय करायचं माहीत असेल तर देवदर्शनाला काय हरकत आहे, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. त्यांनी कांद्याचं पहिल्यांदाच ऐकलं. बघू.

गाभाऱ्यात देवी काळ्या पाषाणाची, सिंहावर बसलेली, आठ हात. आईंनी ओटी भरली आणि त्यांच्या डोळ्याला पाणी. इतकी वर्षं राहिलेलं काम.

टिप, आणि ही फार महत्त्वाची : देवळात चपला काढाव्या लागतात आणि दहानंतर दगडी फरशी तापते. माझ्यासारखे तळवे बधिर असतील (डायबिटीसवाल्यांना पण हे लागू) तर भाजलं तरी कळत नाही, रात्री फोड दिसतो. जाड सुती मोजे घाला. मला कुठल्याच देवळात कुणी मोज्यांवरून हटकलं नाही.

बाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात, ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, भरली वांगी, मटकीची उसळ, लाल मिरचीचा ठेचा, कारळाची चटणी, छोट्या मडक्यात दही. पानावर वाढतात. मी उभ्याने खायला लागले तर एकीने स्वतःच्या बुडाखालचं पोतं काढून पसरलं, "कूडरी, कूडरी" करत मला बसवलं. तिला माझं काहीही माहीत नव्हतं. प्रत्येकालाच बसवत होती ती.

नंतर लेणी. चार लेणी आहेत, शेवटच्यापर्यंत दोनशेच्या आसपास पायऱ्या. पहिलं लेणं सगळ्यात खाली, थोड्याच पायऱ्यांवर आहे आणि अठरा हातांचा नटराज तिथेच, दाराशी उजवीकडे. मला तेवढंच बघायचं होतं आणि ते मी मन भरेपर्यंत बघितलं. तिसरं सगळ्यात मोठं, त्यात ५७८ सालचा शिलालेख आहे, तो नवऱ्याने फोटोत दाखवला. उतरेपर्यंत साडेअकरा झाले, दगड तापलेला, माकडांनी कुणाची तरी पिशवी पळवली म्हणून गोंधळ, आणि माझा डावा पाय थांबला. म्हणजे उचलायचा म्हटला तर उचलत नाही. डोळ्यासमोर सगळं पांढरट. मी भिंतीला धरून तिरकी तिरकी उतरायला लागले आणि खालून वर येणाऱ्या पोरांच्या ग्रुपमधून एकजण म्हणाला, "सकाळी सकाळीच टाकलीय." हसले सगळे.

हे मला नवीन नाही. एमएसवाल्या बऱ्याच जणांनी हे ऐकलेलं असतं, तोल जातो, जीभ जड होते, लोकांना दारू वाटते. दरवेळी तेवढंच लागतं. मी त्यांना काही समजावलं नाही, त्या क्षणी शब्दच सापडत नाहीत. आईंनी माझ्या काखेत हात घातला आणि मोठ्याने पायऱ्या मोजायला लागल्या, एक, दोन, तीन, अगदी बालवाडीतल्या बाईंच्या आवाजात. नवरा धावत जाऊन गाडीतून बर्फाच्या पाण्यात बुडवलेली ओढणी घेऊन आला. मानेवर ओढणी, एसी फुल, अर्धा तास. मग डोळा साफ झाला. पाय संध्याकाळी.

टिप : छोटा आइसबॉक्स, दोन ओल्या ओढण्या, पाण्याचा स्प्रे. पाणी भरपूर प्या, टॉयलेटच्या भीतीने पाणी कमी प्यायची सवय आपल्याला लागते, ती उलट जास्त त्रास देते. आणि ज्यांचं इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं त्यांनी हॉटेल बुक करताना रूममध्ये फ्रिज चालू आहे का हे फोन करून विचारा, वेबसाइटवर लिहिलेल्यावर जाऊ नका.

पट्टदकल चारनंतर केलं. सपाट, हिरवळ, सगळी देवळं एकमेकांच्या हाकेवर. विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने बांधून घेतलं, तिचा नवरा, चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य, पल्लवांवर जिंकून आला म्हणून. आठव्या शतकातलं. वेरूळचं कैलास बघितलेल्यांना इथे आल्यावर ओळख पटते.

चौथा दिवस : होस्पेट, आणि काहीच नाही

बदामीहून होस्पेट, हंपीच्या जवळचं शहर, साडेतीन तास. त्यानंतर दिवसभर काही केलं नाही. आदल्या दिवशीचा हिशेब शरीर दुसऱ्या दिवशी मागतं. पडदे लावून मी झोपले, उठले, गोळी घेतली, परत झोपले. "हंपीला येऊन झोपतेस?" असं म्हणणारी माणसं पूर्वी सोबत असायची, त्यांच्याबरोबर मी आता जात नाही. आई आणि नवरा तुंगभद्रा धरण बघून आले.

ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना सांगते, ट्रिप आखताना हा मोकळा दिवस आधीच घाला. नंतर तो घ्यावाच लागतो, आणि तेव्हा सगळ्यांचा मूड जातो.

पाचवा दिवस : हंपी

सकाळी होस्पेटला वग्गरणी आणि मिरची भजी. वग्गरणी म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी, आपल्या सुशीलासारखीच, बरोबर गरम भजी. नऊच्या आत विठ्ठल मंदिराच्या पार्किंगला.

इथून देऊळ किलोमीटरभर आहे आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, चालवणाऱ्या बऱ्याचशा आसपासच्या बायका. तिकीट सगळ्यांना, वय विचारत नाहीत, आजार विचारत नाहीत. आमच्या पुढे पुण्याचाच एक मोठा ग्रुप होता, त्यातले एक काका आईंना म्हणाले, "आजी तुम्ही बसा, सूनबाईंना येऊ दे चालत, तरुण आहेत." चांगल्या मनाने म्हणाले. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात गाडीवाल्या ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी कठड्याला धरून उभी होते ते त्यांनी बघितलं असावं, आणि "अक्का, मुंदे, मुंदे" म्हणत पुढची, त्यांच्या शेजारची सीट दाखवली. काय झालंय वगैरे एक अक्षर विचारलं नाही. रस्ताभर तोडक्या हिंदीत डावीकडे काय, उजवीकडे काय सांगत होत्या. उतरताना म्हणाल्या, वापस भी आगे बैठना.

माझ्या गळ्यात सूर्यफुलाचा पट्टा होता, हिरव्या पट्ट्यावर पिवळी सूर्यफुलं, न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठीची खूण. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आता जगभर पसरलीय, आपल्याकडे बंगळुरू विमानतळावर मिळते, मी तिथूनच घेतलेली. गाडीवाल्या ताईंना त्या पट्ट्याचा अर्थ माहीत असण्याचं काही कारण नाही. पण नंतर लोटस महालाजवळ एक वयस्कर ब्रिटिश बाई झाडाखालच्या एकमेव बाकावर बसल्या होत्या, त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं, मान हलवली आणि सरकून जागा केली. त्यांचा भाऊ ऑटिस्टिक आहे, तो पण हाच पट्टा घालतो. आम्ही दोघी अर्धा तास बसलो. मी त्यांना विचारलं तुमच्याकडे लोकांना कळतं का, तर म्हणाल्या कळायला लागलंय, पण बाक तिथेही कमीच आहेत.

बाकांचं मला फारच म्हणायचं आहे. इतक्या मोठ्या परिसरात, १९८६ पासून जागतिक वारसा असलेल्या जागी, सावलीत बसायच्या जागा वाढल्या तर त्याचा उपयोग मला होईल, गरोदर बाईला होईल, बायपास झालेल्या आजोबांना होईल, आणि यातल्या कुणालाच आपली फाइल उघडून दाखवावी लागणार नाही. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी केसमध्ये सांगितलंय की सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता येण्याचे किमान नियम सक्तीचे हवेत, नुसत्या सूचना म्हणून चालणार नाहीत. ते नियम करताना रॅम्पबरोबर बाक, सावली आणि कुलूप नसलेलं टॉयलेट पण मोजलं जावं, माझी एवढी मागणी आहे.

विठ्ठल मंदिर. दगडी रथ, पन्नासच्या नोटेवरचा. सूर काढणारे खांब, त्यांना हात लावू देत नाहीत आणि ते बरंच आहे. आईंना रथापेक्षा गाभाऱ्यात रस. गाभारा रिकामा आहे. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायाने इथे आणला आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, ही गोष्ट आईंनी लहानपणी कीर्तनात ऐकलेली. त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "तो पण गेला की घरी." आणि हसल्या.

एक वाजता आम्ही खोलीवर. बाराच्या पुढे हंपीत थांबू नका, कुणीच, दगड अंगावर येतो. हंपीचं विरूपाक्ष मंदिर साडेचारनंतर. विठ्ठल मंदिराच्या तिकिटावर त्याच दिवशी लोटस महाल-गजशाळा आणि कमलापूरचं म्युझियम पण होतं, तिकीट फेकू नका. आमचं म्युझियम राहिलं.

परत

होस्पेट ते पुणे एका दमात करायचं नाही हे आधीच ठरलेलं, सोलापुरात मुक्काम केला. तिथल्या लॉजच्या मॅनेजरना मी तळमजल्याची खोली मागितली, त्यांनी विचारलं कुणासाठी, नवऱ्याने सांगितलं आणि मी नेहमीप्रमाणे कार्ड काढायला लागले. ते म्हणाले, "राहू द्या ताई, मागितलीत म्हणजे पाहिजे असेल." किल्ली दिली. त्यांच्या काउंटरवर एक स्टूल पण होतं, पाहुण्यांच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी येताना त्याच फूडमॉलवर मुद्दाम थांबलो. काका दुसरे होते, कुलूप तेच. तिथल्या तक्रारवहीत मी लिहून आले, अर्धं पान, सही आणि फोन नंबरसकट, की हे टॉयलेट उघडं ठेवा आणि न दिसणारे आजार असणाऱ्यांना पण ते लागतं अशी ओळ पाटीवर घाला. महामार्गवाल्यांना पण मेल केलाय. आईंनी खाली त्यांची सही ठोकली.

चटणी परत अर्धा किलो घेतली. आईंच्या डोक्यात आता तुळजापूर आहे, तिथे देवळात उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत, त्यामुळे दुसरा कुठला रस्ता आहे का, गाडी कुठपर्यंत जाते, मधे बसायला जागा कुठे आहे ही चौकशी त्यांनीच सुरू केलीय. कुणी इतक्यात जाऊन आलं असेल तर सांगा.